लॅपटॉप झाकला तरी बॅगेत गरम का? डिलीट न करता फाईल गायब कशी? 'झोपे'चा आणि 'फ्यूज'चा घोळ समजून घ्या

प्रतिनिधी | पीक विम्याची मुदत संपत आली की गावातल्या सेवा केंद्रावर गर्दी होते. त्यातच लाईट जाते. केंद्रचालक पटकन लॅपटॉपचं झाकण लावतो, पेनड्राईव्ह तसाच लटकत ठेवतो आणि लॅपटॉप बॅगेत टाकून दुसऱ्या गावी निघतो. तिथं पोचल्यावर बॅगेत हात घालतो तर लॅपटॉप तव्यासारखा तापलेला आणि बॅटरी संपलेली. समोर वीस शेतकरी रांगेत उभे.

दुसरा प्रसंग याहून वाईट. पेनड्राईव्हमध्ये कागदपत्रं टाकून दिलेली असतात. दोन दिवसांनी तोच पेनड्राईव्ह उघडला तर आत काहीच नाही.

"भाऊ, परवा तुमच्यासमोरच फोटो टाकले होते ना यात?"

"अण्णा, टाकले होते की. पण आता फोल्डर दिसतंय, आतलं काही दिसंना. म्या तर हात बी लावला नाही."

"मग गेले कुठं?"

इथून वाद सुरू होतो. एक म्हणतो तू डिलीट केलं, दुसरा म्हणतो व्हायरस आला. बऱ्याचदा दोघांपैकी कुणाचीच चूक नसते. मशीन अर्धवट झोपलं होतं किंवा झोपेत असताना त्याच्या सामानाला कुणीतरी हात लावला होता, एवढंच कारण असतं. हे नेमकं कसं होतं ते समजलं तर पुढचं नुकसान टळतं. गावात सध्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेणारेही आहेत. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्यापासून दुरुस्तीवाले तसा सल्ला देतात. त्यामुळे ही माहिती आता शहरापुरती राहिलेली नाही.

मशीनच्या झोपेचे दोन प्रकार

लॅपटॉपचं झाकण लावलं की तो सहसा बंद होत नाही, झोपतो. या झोपेचे मुख्य दोन प्रकार आहेत.

पहिला सस्पेंड. यात स्क्रीन, डिस्क, प्रोसेसर सगळं थांबतं, पण रॅमला थोडी थोडी वीज चालू राहते. उघडलेल्या फाईली, अर्धवट भरलेला फॉर्म, सगळं रॅममध्ये जिवंत असतं. झाकण उघडलं की काही क्षणात काम पुढं सुरू. पण बॅटरी पूर्ण संपली तर रॅम कोरी होते आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं.

दुसरा हायबरनेट, म्हणजे शीतनिद्रा. उन्हाळ्यात बेडूक जमिनीत जाऊन पडतो आणि पाऊस पडला की बाहेर येतो, तसला प्रकार. यात रॅममध्ये जे काही आहे त्याची हुबेहूब नक्कल डिस्कवर लिहिली जाते आणि मग वीज पूर्ण बंद होते. बॅटरी काढली तरी फरक पडत नाही. पुन्हा चालू केल्यावर ती नक्कल डिस्कवरून रॅममध्ये भरली जाते आणि मशीन जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालतं. मधे किती वेळ गेला, तेवढ्यात काय काय झालं, याची त्याला काही खबर नसते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

झोपायच्या आधी सगळ्यांना 'जागेवर थांबा'

कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. झोपायच्या आधी त्या सगळ्यांना आहे तिथं थांबवावं लागतं. या सगळ्यांचा कारभारी म्हणजे कर्नल. लिनक्स आणि मोबाईलमधलं अँड्रॉइड या दोन्हींत कर्नल एकाच घराण्याचा आहे. अँड्रॉइड लिनक्सच्या कर्नलवरच चालतं.

झोपेची आज्ञा आली की लिनक्सचा कर्नल आधी डिस्कवर लिहायचा राहिलेला माल लिहून काढतो. मग सगळ्या प्रोग्रॅमना गोठवायला सुरुवात करतो. प्रत्येकाला इशारा जातो, की हातातलं कर्नलचं काम आटप आणि थांब. सगळे थांबले की एकेक उपकरण बंद होतं आणि मशीन झोपतं.

पण एकजण जरी थांबला नाही तर? कर्नल त्याची वाट बघतो. ठरलेली मुदत २० सेकंदांची असते. तेवढ्यात सगळे गोठले नाहीत तर कर्नल बेत रद्द करतो, गोठलेल्या सगळ्यांना मोकळं करतो आणि मशीन जागंच राहतं. झाकण लावलेलं असतं, बॅगेची चेन ओढलेली असते, पण आत लॅपटॉप चालूच. गरम होण्याचं हे एक मोठं कारण.

मग प्रश्न येतो, की थांबत नाही तो कोण? अनेक कारणं असू शकतात, पण एक जुनं आणि नेहमीचं कारण म्हणजे 'फ्यूज'.

हा फ्यूज बोर्डातला नव्हे

डिस्कवर, पेनड्राईव्हवर फाईली कशा मांडून ठेवायच्या, कुठली फाईल कुठं आहे याची नोंद कशी ठेवायची, या पद्धतीला फाईलसिस्टीम म्हणतात. गोदामातल्या मालाचं रजिस्टर म्हणा. साधारणपणे हे रजिस्टर सांभाळण्याचं काम कर्नल स्वतः करतो.

पण प्रत्येक तऱ्हेचं रजिस्टर कर्नलला वाचता येईलच असं नाही. म्हणून लिनक्समध्ये एक सोय केली गेली. तिचं नाव 'फाईलसिस्टीम इन युजरस्पेस', थोडक्यात फ्यूज. मिक्लोस सेरेदी या विकासकाचं हे काम २००५ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. यात रजिस्टर सांभाळायचं काम कर्नल स्वतः न करता बाहेरच्या एका साध्या प्रोग्रॅमला देतो. या प्रोग्रॅमला डिमन म्हणतात. तुम्ही फाईल उघडायला सांगितली की तुमचा प्रोग्रॅम कर्नलकडं जातो, कर्नल ती मागणी डिमनकडं पाठवतो, डिमन डिस्कवरून किंवा नेटवरून माल आणतो, कर्नलला देतो आणि कर्नल तुमच्या प्रोग्रॅमला देतो.

याचे फायदे मोठे आहेत. डिमनमध्ये चूक निघाली तरी तो एकटा पडतो, सगळं मशीन सहसा पडत नाही. दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखं दिसू शकतं. विंडोजमध्ये जी एनटीएफएस नावाची पद्धत वापरतात, ती लिनक्सवर नीट लिहिता-वाचता यावी म्हणून 'एनटीएफएस-३जी' नावाचा फ्यूज डिमन आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००७ मध्ये आली. विंडोजवाल्या केंद्रातला एनटीएफएसचा पेनड्राईव्ह लिनक्सच्या लॅपटॉपला लावला की बऱ्याच ठिकाणी मागं हाच डिमन काम करतो. २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ पासून कर्नलच्या आतच एनटीएफएससाठी नवीन सोय आली, पण जुना डिमन अजून पुष्कळ मशीनवर आहे.

मार्केट यार्डातलं उदाहरण

आता फ्यूज आणि झोप यांचं भांडण कुठं होतं ते बघू. मार्केट यार्ड डोळ्यांपुढं आणा.

मापाडी काट्यापाशी उभा आहे. हमाल गोदामातून पोतं आणून काट्यावर ठेवतो, मापाडी वजन लिहितो. मापाड्यानं हमालाला सांगितलं, "ते पोतं आण." हमाल गोदामात गेला. तेवढ्यात भोंगा वाजला: सगळ्यांनी आहे तिथं थांबा, यार्ड बंद करायचंय.

हमाल हुकमाचा माणूस. पोतं खांद्यावर घेतलं तसाच गोदामाच्या दारात थांबला. इकडं मापाड्याची अडचण. काटा अडकवलेला, पावती अर्धी लिहिलेली. पोतं आल्याशिवाय त्याला पावती पुरी करता येत नाही आणि पावती पुरी झाल्याशिवाय जागा सोडता येत नाही. पोतं आणणारा तर आधीच गोठलाय. आता कितीही वाट बघा, मापाडी थांबणार नाही आणि हमाल हलणार नाही. मुदत संपली की यार्डवाला वैतागून म्हणतो, "जाऊ द्या, चालू ठेवा काम." हमाल लगेच पोतं आणतो, पावती पुरी होते, सगळं सुरळीत. फक्त यार्ड काही बंद झालं नाही.

यात मापाडी म्हणजे तुमचा फाईल कॉपी करणारा प्रोग्रॅम, हमाल म्हणजे फ्यूजचा डिमन आणि यार्डवाला म्हणजे कर्नल. कर्नलच्या नजरेत डिमन हा बाकीच्यांसारखाच साधा प्रोग्रॅम असतो. त्यामुळे भोंगा वाजला की तोही गोठतो. तो आधी गोठला आणि त्याच्याकडं कुणाचं काम अडकलेलं असलं, तर वाट बघणारा कधीच गोठत नाही. २० सेकंदांनी झोपेचा बेत फसतो.

म्हणूनच हा घोळ कधी होतो, कधी होत नाही. पेनड्राईव्हवर काहीच काम चालू नसेल तर मापाडी रिकामाच असतो, सगळे गुमान थांबतात. पण हळू चालणाऱ्या पेनड्राईव्हवर मोठी फाईल कॉपी होत असताना झाकण लावलं, तर फसण्याची शक्यता खूप वाढते. "काल तर झोपला होता, आज का नाही?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

हायबरनेटमध्येही नक्कल काढायच्या आधी सगळ्यांना गोठवावं लागतं. त्यामुळे फ्यूजपाशी काम अडकलं असेल तर शीतनिद्राही तिथंच फसते.

मग डिमनला शेवटी का गोठवत नाहीत?

साधा उपाय सुचतो: हमालाला सगळ्यात शेवटी थांबवा. २०१३ मध्ये लिनक्सच्या विकासकांपुढं असाच प्रस्ताव आला होता, की फ्यूजचा डिमन बाकीच्या प्रोग्रॅमबरोबर न गोठवता नंतर, कर्नलच्या स्वतःच्या कामगारांसोबत गोठवावा. ऐकायला सोपं, करायला अवघड.

कारण हमालही कुणावर तरी अवलंबून असतो. दूरच्या सर्व्हरवरचं फोल्डर दाखवणारा एसएसएचएफएस नावाचा डिमन घ्या. तो स्वतः नेटवर बोलत नाही, त्यासाठी एसएसएच नावाचा दुसरा प्रोग्रॅम वापरतो. डिमनला शेवटी ठेवलं आणि एसएसएच आधी गोठला, तर पुन्हा तीच रड. गोदामाची किल्ली तिसऱ्याकडं असावी तसं. एका डिमनच्या मागं दुसरा, त्याच्या मागं तिसरा. कोण कुणावर अवलंबून आहे हे कर्नलला बाहेरून नीट कळत नाही.

दुसरा उपाय म्हणजे मापाड्यालाच अर्ध्या पावतीवर गोठवायचं. त्यातही अडचण. त्याच्या हातात काट्याचा ताबा असतो. त्याच्या मागं आणखी दोघं काटा मोकळा व्हायची वाट बघत असतात. मापाडी ताबा धरूनच गोठला तर मागचे दोघं ना पुढं जातात ना गोठतात. म्हणून हा प्रश्न एका फटक्यात सुटणारा नाही. कर्नलच्या कागदपत्रांतही, गोठवण्याच्या पद्धतीतल्या अडचणी सांगताना फ्यूजचं नाव घेतलेलं आहे.

झोपेतून उठल्यावरची कटकट

नेटवरच्या फोल्डरचं दुखणं वेगळं. लॅपटॉप झोपला की वायफाय बंद होतं. तासाभरानं उठला तेव्हा पलीकडच्या सर्व्हरनं जोडणी कधीच तोडलेली असते. पण डिमनला ते लगेच कळत नाही. तो मेलेल्या जोडणीवर उत्तराची वाट बघत बसतो. तुम्ही ते फोल्डर उघडायला जाता आणि फाईलींची खिडकी गोठते. कधी कधी साधं सेव्ह करायची खिडकीसुद्धा उघडत नाही, कारण तीही ते फोल्डर वाचायला जाते.

यातली खरी गंमत पुढं आहे. अशा अडकलेल्या अवस्थेत पुन्हा झाकण लावलं, तर आता मापाडी आधीपासूनच अडकलेला असतो. म्हणजे दुसरी झोपही फसते. सकाळी एकदा नेट तुटलं आणि संध्याकाळी बॅगेत लॅपटॉप तापला, असा हा संबंध असतो. म्हणून असं फोल्डर जोडतानाच 'तुटल्यास पुन्हा जोड' आणि 'दर काही सेकंदांनी पलीकडचा जिवंत आहे का बघ' हे दोन पर्याय लावून घ्यावेत. एसएसएचएफएसमध्ये दोन्हींची सोय आहे. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे झोपवण्याआधी ते फोल्डर सोडवणं, ज्याला अनमाउंट म्हणतात.

झोपलेल्याचा माल हलवला तर?

आता फाईल गायब होण्याचा मामला. हा बॅटरीच्या घोळापेक्षा जास्त नुकसानीचा आहे.

दुकानदार दुपारी झोपला. झोपताना त्याच्या डोक्यात पक्कं, की डाव्या कोपऱ्यात साखरेची चार पोती, उजवीकडं जागा मोकळी. तो झोपेत असताना पोरानं गोदाम उघडलं, साखर उजवीकडं हलवली, डावीकडं खताच्या पिशव्या लावल्या. दुकानदार उठला. गोदामात न बघता, डोक्यातल्या हिशोबावरच त्यानं रजिस्टर लिहिलं आणि उजवीकडच्या 'मोकळ्या' जागेत नवा माल ओतला. साखर गेली.

हायबरनेट झालेलं मशीन अगदी असंच असतं. पेनड्राईव्ह जोडलेला असताना ते झोपलं, तर त्याच्या नकलेत पेनड्राईव्हचा त्या वेळचा हिशोब असतो. फ्यूजच्या डिमनच्या डोक्यातही तोच जुना हिशोब असतो. मधल्या काळात तुम्ही पेनड्राईव्ह काढला, दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यात नव्या फाईली टाकल्या आणि परत पहिल्या मशीनला लावून ते उठवलं, तर ते जुन्याच हिशोबावर लिहायला लागू शकतं. नव्या फाईलींच्या नोंदींवर जुनी नोंद बसते. फोल्डर दिसतं, आतला माल दिसत नाही. लिनक्समध्ये यूएसबीची एक सोय अशी आहे, की झोपेआधी जोडलेलं उपकरण उठल्यावर त्याच जागी सापडलं तर 'हे तेच' असं समजून काम पुढं चालू ठेवायचं. सोय चांगली आहे, पण मधे आतला माल बदलला असेल तर ती अंगाशी येते. कर्नलच्या माहितीपत्रकात याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे.

सुरुवातीच्या प्रसंगातले अण्णा आणि केंद्रचालक आठवा. पेनड्राईव्ह लावलेला, लाईट गेली, लॅपटॉप झोपला, पेनड्राईव्ह उपटून अण्णांना दिला. अण्णांनी दुसरीकडं त्यात फोटो टाकून आणले, परत त्याच लॅपटॉपला लावला. दोघांनीही काही डिलीट केलं नाही. तरी फोटो गेले.

विंडोजचं 'शट डाउन' म्हणजे अर्धी झोप

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेली असतील त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा.

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असली की तुम्ही शट डाउन करता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा स्वतःचा कर्नल पूर्ण बंद न होता हायबरनेट होतो. सकाळी मशीन लवकर चालू होतं ते त्यामुळे. पण याचा अर्थ, शट डाउन केलं तरी विंडोजच्या डोक्यात डिस्कचा हिशोब शिल्लक असतो.

आता लिनक्स चालू करून विंडोजची डिस्क उघडली तर काय होईल ते वर सांगितलंच आहे. एनटीएफएस-३जी हा डिमन इथं शहाणपणा करतो. विंडोज झोपलेलं आहे किंवा त्याच्याकडं डिस्कचा हिशोब अडकलेला आहे असं दिसलं, की तो लिहायला नकार देतो. फार तर फाईली वाचू देतो. पुष्कळ जणांना वाटतं, लिनक्स बिघडलं. मग कुणीतरी नेटवरून जबरदस्तीचा उपाय शोधतो, ज्यात विंडोजची झोपेतली नक्कलच पुसली जाते. डिस्क उघडते खरी, पण विंडोजमध्ये जे सेव्ह न करता झोपवलेलं होतं ते कायमचं जातं.

तो नकार म्हणजे तुमच्या फाईलींची राखण आहे. योग्य उपाय म्हणजे विंडोज चालू करून ते पूर्ण बंद करणं. त्यासाठी शट डाउनवर क्लिक करताना शिफ्ट बटण दाबून धरावं. 'रीस्टार्ट'मध्येही विंडोज पूर्ण बंद होऊनच नव्यानं चालू होतं. कायमचा उपाय हवा तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात पॉवर बटणानं काय करायचं ते ठरवायचा पर्याय आणि तिथं फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकायची.

मोबाईलमध्येही फ्यूज आहे

ज्यांच्याकडं लॅपटॉप नाही त्यांनी हे वाचून सोडून देऊ नये. खिशातल्या अँड्रॉइड मोबाईलमध्येही फ्यूज आहे. फोटो, व्हिडिओ, डाउनलोड ज्या जागेत असतात ती जागा ॲपना दाखवताना अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, पुन्हा फ्यूजचा वापर होतो. त्याआधीच्या काही आवृत्त्यांतही तो होता, मधे काही वर्षं दुसरी पद्धत होती. कारण असं, की कुठल्या ॲपनं कुठली फाईल बघावी यावर मधला पहारेकरी हवा. फोटो कुठं काढला याची नोंद फोटोच्या आत असते. परवानगी नसलेल्या ॲपला तोच फोटो ही जागेची नोंद काढून दिला जातो, ते काम हा मधला प्रोग्रॅम करतो.

आणि मोबाईल तर दिवसातून कितीतरी वेळा झोपतो. स्क्रीन बंद झाली आणि कुणाचं काम चालू नसलं की कर्नल सस्पेंड करतो. मेसेज, फोन आला की उठतो. इथंही आधी प्रोग्रॅम गोठवावे लागतात. कुठलं ॲप फाईलीच्या उत्तराची वाट बघत अडकलं तर ती झोप फसते, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न होतो. झोप वारंवार फसली की बॅटरी खाली येते. खराब झालेलं मेमरी कार्ड असेल तर फाईल वाचायलाच वेळ लागतो आणि असं अडकणं वाढू शकतं. स्क्रीन बंद असताना मोबाईल उगाच गरम राहत असेल, बॅटरी पटकन उतरत असेल, तर एक दिवस मेमरी कार्ड काढून ठेवून बघावं. फरक पडला तर कार्डमधले फोटो आधी दुसरीकडं काढून घ्यावेत आणि कार्ड बदलावं.

घरी, केंद्रावर काय पाळावं

१. कॉपी चालू असताना झाकण लावू नका. कॉपीची पट्टी पूर्ण झाल्यावरही पेनड्राईव्हचा दिवा लुकलुकत असेल तर थोडं थांबा.

२. झोपवण्याआधी पेनड्राईव्ह 'इजेक्ट' करा. एवढ्या एका सवयीनं बॅग तापण्याचं आणि फाईल जाण्याचं, दोन्ही धोके बरेच कमी होतात.

३. झोपलेल्या लॅपटॉपचा पेनड्राईव्ह उपटू नका. उपटला असेल तर लॅपटॉप आधी उठवा, त्याला पेनड्राईव्ह गेल्याचं कळू द्या आणि मगच परत लावा.

४. नेटवरचं फोल्डर जोडलेलं असेल तर झोपेआधी ते सोडवा. माल डिमनच्या स्वतःच्या साठ्यात पडून, वर चढायचा राहिलेला असू शकतो. तो कर्नलला दिसत नाही, म्हणून अपलोड पूर्ण झाल्याची खात्री तुम्हीच करा.

५. मोबाईल केबलनं लॅपटॉपला जोडला असेल तर काम झाल्यावर केबल काढा, मग झाकण लावा. लिनक्सच्या पुष्कळ मशीनवर मोबाईलच्या फाईलीही फ्यूजमार्फत दाखवल्या जातात.

६. बॅगेत टाकण्याआधी दहा सेकंद नाही, अर्धा मिनिट थांबा. मुदत २० सेकंदांची असते. पंखा थांबला, दिवा विझला किंवा मंद लुकलुकायला लागला, म्हणजे झोपला. लांबचा प्रवास असेल तर सरळ शट डाउन करा.

७. लॅपटॉप वारंवार झोपत नसेल तर दुरुस्तीवाल्याला कर्नलची नोंद बघायला सांगा. २० सेकंदांनंतर गोठवणं फसलं, अमुक टास्क गोठायला नकार देतात, अशा अर्थाची इंग्रजी ओळ तिथं असते आणि त्याखाली अडकलेल्या प्रोग्रॅमचं नाव असतं. ते नाव बघितल्याशिवाय बॅटरी बदलायचा खर्च करू नका.

८. सातबारा, दाखले, पिकाचे फोटो एकाच पेनड्राईव्हवर ठेवू नका. एक प्रत मोबाईलमध्ये, एक दुसऱ्या कुणाकडं असू द्या.

आणि फाईल दिसली नाही तर लगेच त्याच पेनड्राईव्हवर नवीन काही टाकू नका. नोंद गेली तरी आतला माल काही वेळा शिल्लक असतो, जाणकार माणूस तो काढून देऊ शकतो. वर नवीन लिहिलं की तीही आशा संपते. म्हणून पेनड्राईव्ह बाजूला ठेवा, तो झोपेच्या वेळी कुठल्या मशीनला लावलेला होता ते दोघांनी मिळून आठवा. कुणी डिलीट केलं यावर भांडत बसण्यापेक्षा त्यातून काहीतरी हाती लागेल.